खिळ्याकडे जाणारा महाल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून सरळ रेषेवर आमच्या साडूभाऊंइतका जीव लावणारा माणूस दुसरा नाही. दोन्ही जिल्ह्यांतली सगळी माणसे मी तपासलेली नाहीत, त्यामुळे असे विधान करताना थोडा संकोच वाटतो. पण गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसून बावीस वर्षे मी तऱ्हेतऱ्हेची माणसे पाहिली आहेत, आणि कप बशीच्या बरोबर मध्यावर आहे की नाही हे एक डोळा मिटून तपासल्याशिवाय चहा न पिणारा त्यांत एकही नव्हता.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते नाटकाचे पडदे रंगवतात. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावाची जत्रा, भरते, मंडई म्हटली की नाटक आले, आणि नाटक म्हटले की पडदे आले. एक रस्त्याचा, एक जंगलाचा, एक महालाचा. रस्ता आणि जंगल साडूभाऊ आठवड्याभरात उरकतात. महालाला दोन महिने लागतात, कारण महाल पुस्तकातून येतो.

हे पुस्तक त्यांना आलापल्लीकडे मिळाले. एका जुन्या बंगल्याचे मोडके सामान विकायला निघाले होते. त्यातले एक कपाट त्यांनी फळ्यांसाठी घेतले आणि त्याच्या खालच्या खणात हे निघाले. चामड्याची बांधणी, दोन वीत उंची, वजन तीन किलो चारशे ग्रॅम. वजन मी स्वतः केले आहे. आत जुन्या कोरीव छपाईची चित्रे. खांबांच्या रांगा, जिने, कमानी, फरसबंद अंगणे, आणि सगळ्यांतून बारीक रेघा निघून दूरवर एका ठिपक्यात जाऊन मिळालेल्या. चित्रे चौऱ्याहत्तर आहेत. साडूभाऊ पंचाहत्तर म्हणतात, कारण पुढे त्यांच्या घरी वाळवीने खाल्लेले एक ते अजून जमेत धरतात. पुस्तक इंग्रजीत आहे असे आम्ही सगळे समजत होतो. मी नीट पाहिले तर अक्षरे तेवढी इंग्रजी, भाषा भलतीच कुठली तरी. ती आजपर्यंत कोणाला ओळखता आलेली नाही. साडूभाऊंना त्याची काही अडचण वाटली नाही. "वाचाचं काय त्याच्यात? सारं तर काढून ठेवलं हाये," ते म्हणाले. दूरची वस्तू लहान दिसते ती नेमकी किती लहान दाखवायची, ही सगळी विद्या त्यांनी एक शब्द न वाचता त्या चित्रांवरून उचलली. रेघा जिथे मिळतात तिथे ते पडद्यातून मागच्या भिंतीत खराखुरा खिळा ठोकतात, त्याला सूत बांधतात, सुताला तांबडी काव लावतात आणि ते ताणून रेघ मारतात. तेव्हापासून त्या ठिपक्याला आमच्या नात्यागोत्यात 'खिळा' असेच म्हणतात.

एकदा खिळा सापडल्यावर साडूभाऊंना तो सगळीकडे दिसू लागला. आमच्या घरी आले की बसण्याआधी ते दारात उभे राहून एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "साडूभाऊ, तुमच्या घराले खिळाच नाई." मी घर बांधताना प्रत्येक कोपरा काटकोनात आहे हे स्वतः पाहिले होते, म्हणून मला ते लागते. लग्नाच्या पंगतीत ते टोकाला बसतात, कारण तिथून पत्रावळींची रांग खिळ्याकडे जाताना दिसते, आणि मग वरणभात वाढलेला असताना चौदाव्या माणसाला ओरडून सांगतात, "ओ भाऊ, पत्रावळ दोन बोटं मांगं घ्या." राजुऱ्याच्या बसस्टँडवर त्यांनी समोरच्या खांबांचा खिळा काढायला डोळा मिटला, तो नेमका खांबाला टेकलेल्या एका बाईंकडे पाहून. बाईंचे दोन भाऊ सोबत होते. मी मध्ये पडून सगळे समजावले, पण मोठ्या भावाचे समाधान झाले नाही. "खांब पाहाले डोळा काऊन माराव लागते?" हा त्याचा प्रश्न होता, आणि मला तो रास्त वाटला.

सागवानाच्या जंगलातून जाणारा सरळ रस्ता लागला की ते मोटारसायकल थांबवायला लावतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकत्र येताना पाहत बसतात. एकदा मी हट्टाने तिथपर्यंत चालत गेलो, टेपने रुंदी मोजली आणि परत येऊन सांगितले की इथे जितकी तितकीच तिथे आहे, एक इंचाचाही फरक नाही. त्यांना मुळीच वाईट वाटले नाही. उलट माझीच समजूत काढल्यासारखे म्हणाले, "तुमचा टेप खोटं नाई बोलत. पण त्याले डोळा कुठी हाये?"

महालाच्या पडद्यात मागे मागे जाणारे बारा खांब आणि अगदी शेवटी एक दार आहे. हे दार पडद्यावर दीड फुटाचे आहे. एका नाटकात राजाचे काम करणारा गडी बोलता बोलता पडद्याला जाऊन टेकला आणि त्याचे नुसते गुडघेच दाराएवढे दिसू लागले. लोक हसले. तेव्हापासून साडूभाऊ प्रत्येक प्रयोगाआधी रंगमंचावर चुन्याची रेघ मारतात आणि राजापासून द्वारपालापर्यंत सगळ्यांना बजावतात की तिच्यामागे पाय टाकायचा नाही. राजा म्हणाला, "माहाच महाल आणि मलेच बंदी?"

या सगळ्या विद्येला एकच माणूस बधला नाही, ती म्हणजे त्यांची बायको. माझी ही मेहुणी शांत आणि खरे बोलणारी बाई. दर मंडईला ती नाटक पाहते, दुसऱ्या दिवशी साडूभाऊ विचारतात, "महाल कसा वाटला?" आणि ती म्हणते, "बाकी बेस हाये. पण त्या अंगाले कलून राह्यला." तीस वर्षांत साडूभाऊंनी महाल चार वेळा नव्याने रंगवला. खिळा तपासला, सूत तपासले, दोनदा तर मला टेप घेऊन बोलावले. मापात कुठे चूक नव्हती. आणि चारही महाल कललेलेच निघाले.

यंदा नाटक कंपनीच्या मालकाने सांगून टाकले की पुढल्या वर्षीपासून मागे दिव्यांची स्क्रीन लागणार, त्यावर पाहिजे तो महाल बटण दाबून येईल. शेवटचा प्रयोग योगायोगाने आम्हा दोघांच्या सासुरवाडीला होता. जाताना साडूभाऊ मला म्हणाले, "पडदा गेला त्याचं काई नाई, साडूभाऊ. पण तिनं एकडाव तरी म्हणाव, की सरळ हाये."

मंडईच्या दिवशी दुपारी पडदा टांगून झाला होता. मला स्वस्थ बसवेना, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच प्रश्न विचारत फिरलो. मागच्या वर्षी हाच महाल पाहिला होता, तो कोणीकडे कलल्यासारखा वाटला? अकरा बायकांनी सांगितले, उजवीकडे. चौदा पुरुषांनी सांगितले, डावीकडे. अपवाद एकही नाही. असा हिशेब आला की माणसांना दोष देता येत नाही. मी मैदानात पाहिले. आमच्याकडे नाटकाला रंगमंचाच्या मध्यापासून थेट मागेपर्यंत दोरी बांधतात. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि दोरीच्या दोन्ही अंगांना हात-हातभर जागा मोकळी. बरोबर मध्ये कोणीच बसत नाही. म्हणजे महाल जिथून सरळ दिसतो तिथून तो आजवर एकाही प्रेक्षकाने पाहिला नव्हता.

साडूभाऊंना सांगितले तर आधी ते चिडले, मग पिशवीतून पुस्तक काढले. त्यात एक चित्र आहे, एक माणूस स्टुलावर बसलेला आणि त्याच्या डोळ्यातून दोऱ्या निघून महालाच्या खांबांना गेलेल्या. साडूभाऊंनी त्या माणसावर बोट ठेवले. "मी समजत होतो, हा पेंटर हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हून दरवेळी तिथी मीच बसलो."

मग मी टेप काढला. घरी ते पडद्यापासून किती लांब आणि किती उंच बसत, ते विचारले, त्यात रंगमंचाची उंची मिळवली. जागा दोरीवर एकतीस फुटांवर आली आणि डोळा जमिनीपासून सहा फुटांवर हवा होता. म्हणजे टेबल, टेबलावर खुर्ची, आणि खुर्चीवर माणूस. दोरी सोडायला नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचे लोक तयार झाले. खुर्चीवर बसायला माझी मेहुणी तयार होईना.

"जवाई, तुम्ही तरी यायले समजावा. माह्या माहेरात मले टेबलावर चढवता काऊन?"

"एकडाव बस ना," साडूभाऊ म्हणाले.

"सारे पाहून राह्यले."

"पाहू दे. तीस वर्षं तूच पाह्यलं ना."

तिची एक म्हातारी काकू मैदानालगतच्या ओट्यावर तूर सोलत होती. ती म्हणाली, "बस ना वं. लग्नात पाटावर बसली तवाबी अशीच रडत होती, अन् मंग उठतच नव्हती."

त्यावर सगळे हसले, आणि त्या हसण्यातच मेहुणी टेबलावर चढली. साडूभाऊंनी खाली उभे राहून खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. तिने पदराने एक डोळा झाकला. मैदानातले लोक आणखी जवळ सरकले; मला वाटते लोकांनाही आपले महालाबद्दलचे मत बदलते की काय याची काळजी लागली होती. साडूभाऊ पडद्याकडे पाहत नव्हते. ते मान वर करून तिच्याकडे पाहत होते.

"सरळ हाये का?" त्यांनी विचारले.

ती म्हणाली, "त्या शेवटच्या दाराच्या पुढं काय हाये?"

"काई नाई. खिळा हाये तिथी."

"खिळा नाई हो. उजेड हाये. तिकडून कोनी येऊन राह्यल्यासारखं वाटते."

तीस वर्षांत त्यांनी त्या दारापर्यंत किती रेघा नेल्या असतील, मीही मोजल्या नाहीत; पण दाराच्या पलीकडे जायचे त्यांच्या कधी मनात आले नव्हते. मंडळाच्या पोराने दोरी परत बांधायची का म्हणून विचारले, तर साडूभाऊंनी त्याला मानेनेच थांब म्हटले. ती वर बसून पाहत राहिली, ते खाली खुर्चीचा पाय धरून उभे राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी घड्याळ पाहायचे माझ्याकडून राहून गेले.