मरळीची राखण

"मी सोता पाह्यल्याबिगर कापणार न्हाई."

खालांचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. राजूरला माझं औषधांचं दुकान आणि त्याला लागून त्यांचं काचेचं. मध्ये एका विटेची भिंत. माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाचा खोकला त्यांना ऐकू जायचा आणि त्यांच्याकडच्या गिऱ्हाइकाला बसणारी बोलणी मला. लोक कागदावर माप लिहून आणायचे, खिडकीचं, कपाटाचं, तसबिरीचं. खाला तो कागद न उघडता परत द्यायच्या. काच कापायचा हिरा पेन्सिलीसारखा कानामागे खोचलेला असायचा, तो चाचपून बघायच्या, टेप उचलायच्या आणि गिऱ्हाइकाच्या आधी दुकानातून बाहेर पडायच्या. "चला, घर दाखवा."

एकदा एका पुढाऱ्याने आपल्या माणसाकरवी टेबलाच्या काचेचं माप पाठवलं. काम तातडीचं होतं. खाला म्हणाल्या, "एक तर मला तिकडं न्या, न्हाई तर टेबल इकडं आणा." खालांना तिकडं नेणं पुढाऱ्याच्या शानीत बसेना, म्हणून चौघांनी ते टेबल भर बाजारातून उचलून आणलं. जप्ती आली की काय म्हणून मागे पंधरा-वीस माणसं चालत आली. खालांनी माप घेतलं, तर एका कोपऱ्यात टेबल दोन सूत कमी भरलं. त्या मला भिंतीपलीकडून ओरडून म्हणाल्या, "बघा डॉक्टर! टेबल तिरकं, मानूस घाईत. काच बिचारी काय करंल?"

औषधांचं दुकान आहे म्हणून मला सगळं गाव डॉक्टर म्हणतं. खालाही म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी ते निव्वळ चिडवणं असायचं. त्यांना साखरेचा आजार. गोळ्या माझ्याकडूनच न्यायच्या आणि समोरच गोळी गिळून चहावाल्याला सांगायच्या, "गोळी खाल्ली. आता टाक दोन चमचे साखर." मी डोळे वटारले की हसायच्या. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेलच, जे तुमचं सगळं ऐकतं आणि करतं मात्र आपल्याच मनाचं.

साठीच्या आसपास वय. नवऱ्यामागे दुकान त्यांनीच चालवलं. हातात बांगडी नाही, बोटांवर काचेच्या जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. गावात गणपतीचं देवस्थान, त्यामुळे तसबिरींचं काम बारा महिने असायचं. काचेत बारीकसा बुडबुडा दिसला तरी ती काच बाजूला. "लोकं नवसाचं नेतेत. डाग चालायचा न्हाई." त्यांचा हट्ट मला तेव्हा थोडा जास्तच वाटायचा. माझ्या घरापर्यंत तो आला नव्हता, तोवर मला तसं म्हणायला परवडत होतं.

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, हसनाबादला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गावाकडचं घर बंद करून त्यांना राजूरला आणलं. दुकानाच्या मागेच आमचं घर आहे. पुढच्या खोलीत भिंतीला लावून लोखंडी पलंग टाकला. भिंत त्यांच्या उजव्या हाताला आली. तिकडे वळणं सोपं होतं, अंग आपसूक त्या बाजूला पडायचं. परत इकडे वळवायला मी आणि बायको, दोघं लागायचो. इकडे वळवलं की थोड्या वेळात ते पुन्हा तिकडेच. असे दोन महिने गेले. उभी हयात रानात काढलेला माणूस चुना लावलेल्या भिंतीकडे बघत पडून होता. भरवलं तर घास घ्यायचे, तेही आमचं मन राखायला. मला एकच भीती होती, की हे असेच भिंतीकडे बघता बघता जातील आणि आपल्याला ते उशाशी ठेवलेला चहा गार झाल्यावर कळेल.

तशात माझा मामेभाऊ तलावातली जिवंत मरळ घेऊन आला. आमच्याकडे आजाऱ्याला मरळीचं कालवण देतात, अंगात ताकद येते म्हणून. वीतभर मासा, काळपट, सापासारख्या डोक्याचा. बादलीवर पोतं टाकलेलं होतं. बायकोने विळी काढली, पोतं उचललं आणि मरळीने उडी मारली ती थेट फरशीवर. वळवळत, सरपटत पलंगाखाली गेली. आमची पळापळ, बायकोची किंकाळी. आणि मी बघतो तर दादांनी मान वळवली होती. पलंगाच्या कडेवरून ते खाली बघत होते. मी मासा धरून विळीकडे नेला तसा त्यांचा डावा हात वर आला. पंजा हलला. नको.

दोन महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली मागणी. मी बादली घेऊन तसाच खालांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, काचेची टाकी करून द्या, आजच्या आज.

"जल्दी काय हाय?" म्हणत त्या आधी बादलीपाशी बसल्या. "उडी केवढी मारती ही?" असं विचारून त्यांनी बादलीला टिचकी मारली. मरळ उसळली आणि खालांच्या कपाळावर आपटून परत पाण्यात पडली. खालांनी कपाळ पुसलं. "बराबर. झाकण लागंल."

संध्याकाळपर्यंत टाकी झाली. सांधे वाळायला दोन दिवस लागले, तोवर मासा झाकणाच्या ड्रममध्ये. मग टाकी पलंगाच्या डाव्या अंगाला, हाताला लागेल अशी ठेवली, वर जाड काच आणि काचेला खाणं टाकायला एक भोक. दादा इकडे वळून राहू लागले. पण वळले, तरी दुपारी डोळे मिटून पडायचे. खालांनी ते पाहिलं. माझं एक स्टीलचं ताट मागून घेतलं, पलंगाच्या दांडीला सुतळीने बांधलं आणि दादांच्या डाव्या हातात पळी दिली.

"भाऊ, मला दुकान हाय, ह्या डॉक्टरला गिऱ्हाईक हाय. तुम्हीच एकले रिकामे हायेत. जिंदगीभर रानाची राखण केली ना? मंग हिची करा. झाकणाला लागली की वाजवा."

आजारी माणसाला तोंडावर रिकामा म्हणणं मला आवडलं नाही. मी तसं बाहेर येऊन बोललोही. खाला म्हणाल्या, "मंग काय म्हणू? पडून राहा, आराम करा? ते तर तुम्ही दोन महिने म्हणूनच राह्यले." तेवढ्यात आत ताट वाजलं. मी धावलो, तर काही नव्हतं. दादा फक्त वाजवून बघत होते.

पंधरा दिवस बरे गेले. मग हसनाबादहून आत्या आली, दादांची धाकटी बहीण. त्याच दिवशी आमच्याकडे टँकर आला होता. आमच्या भागात पाणी आलं की हात मोकळा होतो. आत्याने हंडे भरले, माठ भरले आणि टाकीही काठोकाठ भरली. "अर्धवट काय ठेवायलेत रे? पाव्हण्याला कुणी अर्धा तांब्या देतं का?" मलाही ते पटलं. पाणी भरपूर म्हणजे मासा सुखी, याहून जास्त विचार आम्ही दोघांनीही केला नाही. वर झाकण घट्ट बसवलं.

तेव्हापासून दादा डावा पंजा पालथा करून खाली दाबू लागले. पुन्हा पुन्हा. आत्याला वाटलं पंखा कमी करा म्हणतात. पंखा कमी केला. मला वाटलं उशी खाली घ्या म्हणतात. उशी काढली. पंजा थांबेना. आत्या माझ्याकडे बघून डोळे पुसू लागली, "डोक्यावर परिणाम झाला रे." आणि मी, खरं सांगतो, तेच मनात धरून दुकानात येऊन बसलो.

दुपारी ताट वाजायला लागलं. एकदा दोनदा नाही, सारखं. मी कुलूप लावेपर्यंत खाला आत पोचल्या होत्या. झाकण सरकलेलं, मरळ उंबऱ्याजवळ धुळीत. खालांनी मडक्यावरचा ओला फडका ओढून तिला त्यात धरली, टाकीत सोडली आणि झाकणावर हात दाबून उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, झालं. पण मरळ आतून झाकणावर धडका देतच होती. आणि दादांचा पंजा खाली, खाली, खाली.

खालांनी एकदा माशाकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. मग पलंगापाशी गुडघे टेकून बसल्या. "भाऊ, पाणी कमी करा म्हणून राह्यले का? हो असंल तर डोळे मिटा."

दादांनी डोळे मिटले. इतके घट्ट मिटले की कडांतून पाणी आलं.

तांब्याने पाणी काढलं. चार बोटं जागा मोकळी झाली तशी मरळ वर आली, तोंड बाहेर काढून हवा घेतली आणि शांत खाली गेली. अर्ध्या तासाने पुन्हा वर. हा मासा वर येऊन दम घेतो, नाही तर पाण्यातच गुदमरतो. तलावाकाठी वाढलेल्या दादांना ते ठाऊक होतं. सकाळपासून ते ओरडून सांगत होते आणि आम्ही पंखे कमी करत होतो. आत्या पलंगाच्या पायाशी बसून रडली. मला रडूही आलं नाही, इतकी स्वतःची लाज वाटली.

खालांना मात्र वेगळंच लागलं होतं. "माझ्या हातच्या झाकणातून गेली," त्या म्हणाल्या. "आता जाणार न्हाई. बिलकुल न्हाई."

ते काचेचं झाकण त्यांनी नेलं. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या स्टीलच्या जाळीचं झाकण आलं, चौकट बसवलेलं, दोन्ही बाजूंना कड्या. चार दिवसांनी मरळीचं नाक जाळीला घासून सोललेलं दिसलं. खालांनी झाकण पुन्हा नेलं आणि आतून मच्छरदाणीचं मऊ कापड ताणून बसवलं. चौकटीच्या कोपऱ्यात राहिलेली फटही बोळा लावून बुजवली. टाकीच्या काचेवर लाल रंगाने एक रेघ ओढली आणि आत्याला गाठून सांगितलं, "हिच्या वर पाणी गेलं तर माझ्याशी गाठ हाय." आत्या त्यांच्याहून मोठी, पण मुकाट्याने मान हलवली.

मग रोज दुकान बंद करताना खाला यायच्या. दोन्ही कड्या दाबून बघायच्या आणि दादांशी बोलायच्या. आज खाल्लं का हिनं? डोळे मिटले. डॉक्टरनं तुमच्या गोळ्या वेळेवर दिल्या का? डोळे टक्क उघडे. मग माझी बिनपाण्याने व्हायची. दादांशी असं बोलता येतं हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. घरचा माणूस आम्हाला शेजारणीकडून परत मिळाला, असं म्हटलं तरी चालेल. अशी दोन वर्षं आमच्या घरात सुखाची गेली.

मागच्या उन्हाळ्यात खालांच्या पायाला काच लागली. साखरेमुळे जखम भरेना. मी रोज पट्टी बदलायचो आणि ओरडायचो, त्या हसायच्या. मुलगी येऊन त्यांना संभाजीनगरला घेऊन गेली. जाताना रिक्षातून वाकून म्हणाल्या, "भाऊला सांगा, आठ दिवसांत येते." नवव्या दिवशी त्या गेल्याचा फोन आला.

दादांना सांगायचं कुणी? आम्ही कुणीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ते दाराकडे बघायचे आणि आम्ही दुसरीकडे. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला मनगटाला धरलं आणि सोडलंच नाही. मी सांगितलं, "खाला गेल्या, दादा."

त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे वळले.

आम्ही दोघांनी इकडे वळवलं, तर पुन्हा तिकडे. जेवले नाहीत. ताटाला हात लावला नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. दोन वर्षांपूर्वीची ती भीती परत आली आणि या वेळी हाक मारायला भिंतीपलीकडे कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो. चादर कमरेभोवती पिळून अडकलेली, उशी खाली पडलेली, आणि दादा टाकीकडे तोंड करून होते. कुणी वळवलं म्हणून बायकोला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, मी नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा हात लांब करून ते झाकणाची कडी चाचपत होते. ती निघालेली होती. इतके दिवस आमच्यापैकी कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं. मी पुढे झालो, तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. कडी लागेना. बोटं घसरत होती. मी चहाचा कप धरून तसाच उभा राहिलो.

चौथ्या खेपेला कडी लागली.