पिसवा कुणाच्या

"मस्कतची बाई आल्यापासून पोरीच्या पायाला काहीतरी चावायलंय," काकू म्हणाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर होते, हातात चहाचा रिकामा कप. खाली स्वयंपाकघरात काकू आणि शेजारच्या बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. टरफलांचा आवाज थांबला, म्हणून मीही थांबले.

"पिसवाच असतील वहिनी," शेजारच्या बाई म्हणाल्या. "परदेशातलं जनावर ते. तिथून काय घेऊन आलंय कुणाला ठाऊक."

"तेच म्हणायले मी. पर बोलावं कसं? दिराची लेक. एक शब्द काढला की तोंड एवढुसं करून वर जाऊन बसती."

"तिला मराठी तरी समजती का धड?"

"समजतंय सगळं. बोलत न्हाई एवढंच."

मस्कतची बाई म्हणजे माझी मांजरी. करड्या रंगाची, सहा वर्षांची. बाबांची तिथली नोकरी संपली तेव्हा ठरलं की मी आधी निघायचं आणि आई-बाबांनी घर आवरून महिना-दीड महिन्यात यायचं. मांजरी माझ्याबरोबर आली, तिच्या इंजेक्शनांच्या वहीसकट. विमानतळावर तिचे कागद माझ्या कागदांपेक्षा जास्त वेळ तपासले गेले. सिरसाळ्यात काकांच्या घरी पोचलो तेव्हा काकांनी तो पिंजरा बघितला आणि विचारलं, "इथं काय मांजरं न्हाईत का बाळा?"

काकांचं बियाणं-खतांचं दुकान पुढे, घर मागे. घरात काका, काकू आणि त्यांची चार वर्षांची नात. तिचे आई-वडील पुण्याला नोकरीला आहेत. ती मला आत्या म्हणते. मला वरची खोली मिळाली. या घरात अंडंसुद्धा येत नाही, रोज सकाळी महादेवाची पूजा झाल्याशिवाय काका चहा घेत नाहीत, आणि माझ्या मांजरीच्या खाण्याच्या पाकिटावर मोठा मासा छापलेला. ते पाकीट मी कपड्यांच्या बॅगेत तळाशी ठेवायचे. तरी काकूंना ते कळलं होतं. मला कसं कळलं, तर त्या माझ्या खोलीत आल्या की आधी त्या बॅगेकडे बघायच्या.

त्या दिवशी मी कप घेऊन परत वर गेले. मांजरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पोटावरचे केस उलटे करून बघितले. काही दिसलं नाही. पण मला खात्री हवी होती. खाली आणखी काय बोललं जातंय हे मला माहीत नव्हतं आणि मला सगळ्यात वाईट तेच खरं वाटत होतं.

पिसवा बघायच्या कशा हे मला मस्कतमध्ये शिकावं लागलं होतं. बारीक दातांचा कंगवा मानेपासून शेपटीकडे फिरवायचा आणि त्यातून जे येईल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकायचं. नुसती धूळ असेल तर काळी राहते. पिसवांची घाण असेल तर ठिपक्याभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते रक्तच असतं. माझा स्टीलचा कंगवा आई-बाबांच्या सामानात राहिला होता. म्हणून मी आठवडी बाजारात जाऊन उवांची लाकडी फणी घेतली. बांगड्यांच्या पालावरच्या बाईनं फणी कागदात गुंडाळताना माझ्या वेणीकडे बघितलं.

"लई झाल्यात का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही ते तिचं तिनं ठरवलं.

पाच दिवस मी रोज सकाळी गच्चीवर मांजरीला विंचरत होते. कान, मान, शेपटीच्या वर जिथे पिसवा हमखास असतात ती जागा. पाचही दिवस कागद कोरा राहिला. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी जास्त अस्वस्थ झाले. मांजरीवर नाहीत आणि पोरीच्या पायावर रोज नवे फोड येतायत, मग आहेत कुठे? आणि नाहीत असं मी सांगितलं तर मानणार कोण?

सहाव्या दिवशी दुपारी काकू तेलाची बाटली घेऊन वर आल्या. "ये, डोक्याला तेल घालते. केस पार वाळून गेलेत तुझे."

महिनाभरात त्या पहिल्यांदाच असं म्हणत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले. बोटं केसांत फिरली, छान वाटलं, डोळे मिटले. मग लक्षात आलं की बोटं चोळत नाहीयेत. ती भांग पाडतायत, थांबतायत, पुढचा भांग पाडतायत. कानामागे तर कितीतरी वेळ थांबली.

"कानामागं जास्ती असतंय," काकू पुटपुटल्या.

"काय?"

"कोरडेपणा."

त्या उठल्यावर मी खिडकीकडे बघितलं. फणी मी सकाळी कागदात गुंडाळून तिथे ठेवली होती. ती होती तिथेच, पण तिच्याभोवतीचा कागद काढलेला होता.

राग आला होता, पण कुठल्या तोंडानं रागवणार? रोज सकाळी मीही तेच करत होते. फक्त मांजरीला ते तेल घालणं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घर तपासायचं ठरवलं. जेवणानंतर काकू आणि नात झोपतात, काका दुकानात असतात. माझ्या सामानात शाळेचे पांढरे मोजे होते, गुडघ्यापर्यंतचे. ते घातले आणि एकेका खोलीत जाऊन दोन-दोन मिनिटं नुसती उभी राहिले. पिसू पायाकडे उडी मारते, पांढऱ्यावर लगेच दिसते. माजघरात काही नाही. देवघराच्या दारात काही नाही. काकू झोपल्या होत्या त्या खोलीतही मी श्वास रोखून उभी राहिले, त्यांच्या अंथरुणाच्या कडेला. त्यांनी डोळे उघडले असते तर काय सांगणार होते, माहीत नाही. तिथेही काही नाही.

मागच्या पडवीत करडू होतं. तेलगावला काकूंच्या माहेरी शेळी व्याली आणि मेली, तेव्हा त्यांच्या भावानं हे करडू नातीच्या हौसेसाठी आणून दिलं होतं. मी आल्यानंतर आठवड्यानं. काकू त्याला बाटलीनं दूध पाजायच्या, पोत्यावर जुनं लुगडं अंथरून त्यावर निजवायच्या. नात दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली. मी त्या पोत्याजवळ उभी राहिले. माझ्या डाव्या मोज्यावर एक काळा ठिपका आला. मग दुसरा. दुसरा मी बघत असतानाच उडाला.

फणी घेऊन आले. करडाला वाटलं मी दूध आणलंय, ते माझी बोटं चोखायला लागलं. मानेवरून एकदाच फणी फिरवली आणि ओल्या कागदावर झटकली. कागद बघता बघता तांबूस झाला.

तेव्हा मी काकूंना उठवायला हवं होतं. नाही उठवलं. कागद चुरगाळून कमोडमध्ये टाकला आणि मोजे साबणाच्या पाण्यात बुडवले.

का, ते मी स्वतःला खूपदा समजावून सांगितलं आहे. करडू काकूंच्या माहेरचं होतं. पाहुणी म्हणून राहिलेल्या पुतणीनं उठून म्हणायचं की घाण तुमच्या भावाकडून आली, हे कसं दिसेल? त्या म्हणतील, मांजरीच्याच पिसवा करडावर गेल्या. आणि मग विचारतील, तू पडवीत मोजे घालून काय करत होतीस? संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "तू काही बोलू नकोस. पंधरा दिवसांत आम्ही येतोय, आल्यावर मी बघते." मला हेच ऐकायचं होतं.

म्हणून मी रोज दुपारी चोरून करडाला विंचरू लागले. वाटीत साबणाचं पाणी, त्यात पिसवा बुडवायच्या, वाटी मोरीत ओतायची. रोज वाटायचं आज कमी निघाल्या. लुगड्यात आणि पोत्यात त्यांची अंडी असणार हे मला माहीत होतं, पण लुगडं धुवायला काढलं असतं तर काकूंना कळलं असतं. नातीचे पाय बरे होत नव्हते. ती झोपेत खाजवायची, एका फोडातून रक्त यायचं. काकू त्यावर खोबरेल तेल लावायच्या आणि जिन्याकडे बघायच्या. मी त्या बघण्याचा हिशोब ठेवत होते आणि पोरीच्या पायांकडे बघायचं टाळत होते.

आठ दिवस असे गेले.

रविवारी सकाळी काका दुकानातून एक लहान बाटली घेऊन आले. मी भाजी निवडत होते. बाटलीवर बैलाचं चित्र होतं.

"गोचिडाचं औषध हाय," ते काकूंना म्हणाले. "बादलीत टोपणभर टाकायचं, मांजराला बुचकाळून काढायचं. एका धुण्यात साफ."

"पिसवाला चालतंय का पर ते?"

"गोचीड काय अन् पिसू काय. बैलाला सोसतंय तर एवढ्याशा मांजराला काय हुतंय?"

काका आत गेल्यावर मी बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. औषधाचं नाव ओळखीचं निघालं. मस्कतला आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. त्यांनी त्याच जातीचं, कुत्र्याचं म्हणून विकलेलं औषध आपल्या मांजराच्या मानेवर टाकलं होतं. दुपारी ते थरथरायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्या मांजरवाल्यांना तेव्हा बजावून सांगितलं होतं.

मी बाटली होती तशी ठेवली. वर जाऊन मांजरीला खोलीत घेतलं आणि कडी लावली. माझा विचार एवढाच होता की दार उघडायचं नाही. आजारी आहे म्हणायचं. आई-बाबा येईपर्यंत सहा-सात दिवस काढायचे.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. "आत्या, मी हाय."

तिच्यासाठी मी कडी काढली. तिनं मांजरीला कडेवर घेतलं, मागचे दोन पाय लोंबत होते. मांजरी माझ्याशिवाय फक्त तिच्याकडेच जायची. "आजीनं बोलिवलंय हिला," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. मला वाटलं, मुद्दाम हिला पाठवलंय. अजूनही तसंच वाटतं. पण तेव्हा मी तिच्या पोटऱ्यांकडे बघत होते. ती माझ्यापुढे एकेक पायरी उतरत होती आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती.

अंगणात बादली भरलेली होती. पाणी दुधाळ झालं होतं, रॉकेलसारखा वास येत होता. काकांनी बाह्या वर केल्या होत्या. शेजारच्या बाई भिंतीवरून बघत होत्या.

"आण इकडं. मान धरा गं कुणीतरी, बोचकारंल," काका म्हणाले.

काकूंनी पोरीच्या हातून मांजरीला घेतलं. मांजरीनं माझ्याकडे बघितलं नाही, ती बादलीकडे बघत होती. मी काहीतरी बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणाली ती?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"काही न्हाई, भ्यायली असंल," काकू म्हणाल्या आणि बादलीकडे वाकल्या.

मी जाऊन काकूंचा हात मनगटाला धरला. या घरात मी कुणाच्या अंगाला पहिल्यांदाच आपणहून हात लावत होते. काकू थांबल्या. सगळेच थांबले.

"हे औषध मांजरीला लावलं तर ती मरेल," मी म्हणाले. "पिसवा तिच्यावर नाहीत काकू, करडावर आहेत. आठ दिवस झाले मला माहीत आहे. मी सांगितलं नाही."