आभाळाचा खेळ आणि आंबेगावचे ग्रहण

जुन्नरकडे जाणारे लोक हल्ली मला वाट विचारतात. मोटार कुठे बदलायची, मुक्काम कुठे करायचा, मासवडी कुठे बरी मिळते. मी त्या बाजूचा, आणि गेल्या कार्तिकात आभाळाचा खेळ घेऊन तिकडे हिंडून आलो, म्हणून विचारतात. जुन्नरचे सांगतो, ओझरचे सांगतो, आणि आंबेगावाशी आलो की विषय बदलतो. या वेळी शेवटपर्यंत लिहायचे ठरवले आहे.

मी पुण्याच्या एका छापखान्यात जुळारी होतो. शिक्षण चौथीपर्यंत. शिशाचे खिळे जुळवता जुळवता पंचांगे वाचली, भूगोल वाचला, आणि एकदा देशोदेशीच्या ताऱ्यांच्या कथांचे पुस्तक जुळवायला आले ते हावरटासारखे वाचले. माझे ज्ञान एवढेच. नोकरी सुटल्यावर दाऊदने त्या ज्ञानाचाच आभाळाचा खेळ केला. दाऊद जुन्नरचा, माझा शाळेतला सोबती. त्याच्या घरात पूर्वी हातकागद बनत असे. त्याने काळ्या मांजरपाटाला दाभणाने भोके पाडली आणि मागे गॅसबत्ती लावली, की झाले आभाळ. चाळणीच्या कड्यावर घरचा जुना कागद ताणून चंद्र केला. मी पुढे उभा राहून कथा सांगायचो, तो मागून डफ वाजवायचा.

जायचे ठरले ते माझ्या पुतणीमुळे. सगुणा आंबेगावात दिली आहे. तिची पहिली मुलगी, चिंगी, फाटक्या ओठाची जन्मली. सगुणेने पोटुशी असताना ग्रहणात भोपळा चिरला होता, म्हणून पोरीचा ओठ चिरला, असे सासूचे म्हणणे. चार वर्षे तिने ते ऐकले. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि कार्तिकी पौर्णिमेला चंद्रग्रहण होते. तिचा नवरा बटाटे घेऊन पुण्याला आला तेव्हा म्हणाला, "सगुणा म्हनली, तात्यांना सांगा, गिरानाच्या आत आमच्या गावात खेळ करा. घरातल्यांनी बी ऐकू द्या."

मी हो म्हणालो आणि त्याच रात्रीपासून माझी झोप गेली. बत्तीची जाळी फुटेल, चंद्र चेपेल, मोटारीत पोट बिघडेल. दाऊद म्हणाला, "मास्तर, आभाळ पडेल म्हणून घाबरतोस, आणि तेच बोचक्यात बांधून नेतोस." मला कोणी मास्तर म्हटले की बरे वाटते. चौथी शिकलेल्या माणसाला वाटायचेच.

पुण्याहून सकाळची पहिली मोटार धरावी. नाशिक रस्त्याने खेड, मंचर करत नारायणगावला चहा होतो, तिथून जुन्नर फार लांब नाही. डाव्या बाजूची जागा मिळाली तर शिवनेरी आधी दिसतो. कंडक्टर आता नवे पैसे परत देतो, ते नीट पाहून घ्यावेत. मी इतक्या वेळा पाहिले की तो म्हणाला, "बाबा, खोटं न्हाई, सरकारनंच पाडल्यात."

जुन्नरला दाऊदच्या मोहल्ल्यात, मशिदीमागच्या मोकळ्या जागेत खेळ झाला. सप्तर्षी दाखवून मी सांगितले की आपल्याकडे ही म्हातारीची बाज, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवणारे चोर. मागून दाऊद ओरडला, "आमच्यात ती बाज न्हाई, तिरडी हाय. मागं तीन पोरी रडत चालल्यात. माझा आजा हजहून ऐकून आला व्हता." मग मी दुसऱ्या देशांतले अस्वल सांगितले, पळी सांगितली. चिनी लोकांची विणकरीण आणि गुराखी आकाशगंगेच्या दोन काठांवर वर्षभर एकमेकांची वाट बघतात, हे सांगितले तेव्हा बायका पुढे सरकून बसल्या. त्याच आठवड्यात रशियाने यंत्रात बसवून कुत्रे आकाशात पाठवल्याची बातमी होती. मी व्याधाचा तारा दाखवून म्हणालो की पुष्कळ देशांत याला कुत्र्याचा तारा म्हणतात.

"हे रशियाचंच का?" एका बागवानाने विचारले.

"नाही, हे जुनं आहे."

"मग त्या नव्याला खायाला कोन घालतं?"

मला उत्तर माहीत नव्हते. रशियाचे सरकार घालते, असे मी सांगितले. लोकांना पटले. मला मात्र वाईट वाटत राहिले, कारण मी ते अगदी खात्रीच्या आवाजात सांगितले होते.

दाऊदच्या घरची मासवडी मी आयुष्यभर विसरणार नाही. बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचे सारण, आणि झणझणीत रस्सा. पोट नाजूक असेल त्याने रस्सा बेताने घ्यावा. मी बेताने घेतला नाही. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला सकाळीच जावे, गर्दी नसते आणि कुकडीचे पाणी निवळ असते. आम्ही तिथे संध्याकाळी खेळ केला, पण वारा सुटला आणि आभाळ फडफडून निम्मे तारे विझले. लोकांनी हसून घेतले आणि चिवडा दिला.

आंबेगावला जायला परत मंचर गाठावे लागते. तिथून घोडेगावची मोटार. पुढे डिंभ्यापर्यंत मिळाली तर मोटार, नाहीतर बैलगाडी. आम्हाला बैलगाडी मिळाली. घोड नदीच्या कडेकडेने रस्ता जातो, भात कापणीला आलेले, दोन्ही बाजूंना डोंगर. इतका सुंदर रस्ता मी पाहिला नाही, पण सगळा वेळ मी बत्तीची काच मांडीवर धरून बसलो होतो.

सगुणा दारात उभी होती. सातवा महिना. पाया पडायला वाकू लागली तर मीच थांबवले. "तात्या, उद्या गिरान हाय. आज खेळ लावा," ती म्हणाली. तिच्या सासूने, काशीबाईंनी, आम्हाला तांदळाची भाकरी आणि नदीच्या माशाचे कालवण वाढले. बाई वाईट नाहीत हे मला लिहिलेच पाहिजे. चिंगीला मऊ भात कालवून त्याच भरवत होत्या.

त्या संध्याकाळी देवळापुढे सारा गाव जमला. मी ग्रहणाच्या कथा काढल्या. कुठे चंद्राला अजगर गिळतो, कुठे लांडगा त्याच्या मागे धावतो, कुठे वाघ झडप घालतो, आणि लोक कुत्र्यांना मारून भुंकायला लावतात. लोक पोट धरून हसले. मग म्हणालो, आपल्याकडे राहू. कोणी हसले नाही. मी दाऊदला खूण केली. त्याने कागदाच्या चंद्रावरून पत्र्याची थाळी हळूहळू सरकवली. "थाळी ही पृथ्वीची सावली," मी म्हणालो. "आपण ज्यावर बसलोय तिचीच."

बायकांच्यातून सगुणा उठली. एवढ्या गावात, सासूशेजारी. "तात्या, मग गिरानात भाजी चिरली तर पोराचा ओठ फाटतो का?"

डफ थांबला. मी हात उंच करून म्हणालो, "नाही. सावलीला सुरी नसते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले, "मास्तर, लई झ्याक बोललात." मला ते वाक्य इतके आवडले की झोपताना मी ते मनात दोनदा म्हणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच घरात चूल पेटली नाही. पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पाने पडली. देवळाच्या दीपमाळेवर त्रिपुराच्या पणत्या मांडून ठेवल्या होत्या, त्या ग्रहण सुटल्यावर लागणार होत्या. दिवेलागणीला चंद्र डोंगरावर आला आणि थोड्याच वेळात त्याच्या खालच्या कडेला काळे लागले. गल्लीत माणसे उभी होती. मी मधोमध उभा राहून समजावून सांगत होतो. चंद्र पुरता तांबूस झाला तेव्हा आधी न दिसणाऱ्या कृत्तिका खाली चमकू लागल्या, त्याही मी दाखवल्या.

तेवढ्यात सगुणा विळी घेऊन अंगणात आली. पाट टाकला, त्यावर विळी मांडली, पुढ्यात भोपळा ठेवला. चिंगी तिच्या पाठीला टेकून उभी राहिली.

काशीबाई ओरडल्या नाहीत. त्या माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पावणं, तुमी काल बोललात. म्या अडानी हाय, तुमी शिकल्यालं. आता तुमी म्हना की चीर, म्या एक शबुद बोलनार न्हाई. कदी बी न्हाई."

फक्त 'चीर' म्हणायचे होते. सगुणा माझ्याकडे बघत होती. मी वर पाहिले. चंद्र तांब्यासारखा होता, आणि ती पृथ्वीची सावली आहे हे मला पक्के ठाऊक होते. मग तिच्या पोटाकडे पाहिले. मनात आले, चुकून काही झाले तर? पुस्तक तर मी नुसते जुळवले होते.

"सगुणे," मी म्हणालो, "उगाच कशाला? आज आत बस. काय बिघडतं?"

तिने विळी मिटली. भोपळा उचलायला वाकली तर जमेना, तो दाऊदने उचलून उंबऱ्यात ठेवला. चिंगीचा हात धरून तिने मला विचारले, "म्हंजी ह्या पोरीचं म्याच केलं म्हनायचं का, तात्या?"

मी पुन्हा चंद्राकडे पाहू लागलो. ती आत गेली, दार लागले. गल्लीत कोणीतरी म्हणाले, "मास्तर बी शेवटी आपल्यातलंच." ते चांगल्या मनाने म्हटले होते. ग्रहण सुटल्यावर आंघोळी झाल्या, दीपमाळ उजळली. ती फार सुंदर दिसते असे लोक सांगतात. मी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

परतीच्या बैलगाडीत दाऊदने एकदाही मास्तर म्हटले नाही. मंचरला चहा घेताना म्हणालो, "तू बोलायचंस मग."

"मला विचारलं न्हवतं," तो म्हणाला. "मी मुसलमान माणूस, त्यांच्या घरातलं मी काय सांगू? तुला विचारलं व्हतं."

पौष सरता सरता सगुणेचा नवरा पेढे घेऊन आला. मुलगा झाला. ओठ नीट, सारे नीट. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आले. मग त्याने काशीबाईंचा निरोप सांगितला. "आई म्हनती, मास्तरांनी आत बसवली म्हनून पोरगं धड निघालं. आता समद्या गावाला पटलं."

"आणि सगुणा काय म्हणते?"

तो पेढ्याचा पुडा सोडवत राहिला. "ती काय न्हाई म्हनत. आता बोलतच न्हाई त्यावर."

म्हणजे आधी एकट्या सासूचे म्हणणे होते, ते आता गावाचे झाले, आणि धडधाकट बाळ त्याचा पुरावा. तो पुरावा मी दिला. चिंगी मोठी होईल, तिलाही तेच सांगतील, आणि वर माझे नाव सांगतील.

ते वाक्य खरेच आहे, सावलीला सुरी नसते. देवळापुढे जाऊन ते पुन्हा म्हणायचे, आणि म्हणायचे की त्या संध्याकाळी मी भ्यालो होतो, एवढेच काम उरले आहे. दाऊदने चंद्राला नवा कागद लावून ठेवला आहे. आंबेगावला जाणे अवघड नाही. पुण्याहून सकाळची पहिली मोटार, मंचरला उतरायचे, घोडेगावची मोटार धरायची, पुढे बैलगाडी कोणीही देते. मी सगळ्यांना वाट सांगतो. मी अजून गेलेलो नाही.