भाचीच्या लग्नासाठी एका पायावर

चहा येईपर्यंत माझ्या हातून झालेला एक घोळ ऐकून घ्या. चौतीस वर्षं मी कचेरीत लोकांच्या अर्जांवर ‘खुलासा करावा’ असा शेरा मारला. निवृत्तीनंतर खुलासा करायची पाळी माझ्यावर आली, आणि तीही अंगावर फक्त पंचा असताना.

सुरुवात एका पायरीपासून झाली. हिंगोलीत आम्हा निवृत्तांची महिन्यातून एकदा बैठक भरते. बैठक संपवून मी बाहेर पडलो आणि मागून येणाऱ्या मित्राला वळून म्हणालो, “सांभाळून हं, इथं पायरी आहे.” एवढं बोललो आणि पडलो. पायरी चार इंचांची होती. मित्र मात्र सांभाळून उतरला. म्हणजे सल्ल्यात काही खोट नव्हती.

डावा घोटा सुजून टम्म झाला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, मुरगळलाय, थोडे दिवस आराम करा, मग व्यायाम शिकून घ्या. एरवी मी आराम तेवढा मनावर घेतला असता. पण दीड महिन्यावर भाचीचं लग्न होतं.

आमची अक्का हट्टा गावी असते. तिला भाऊ मी एकटाच, आणि भाऊजींना जाऊन सहा वर्षं झालेली. मुलीला मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं हे मामाचं काम. पायाचं कळल्यावर अक्काचा फोन आला. ती रडणाऱ्यातली नाही. एवढंच म्हणाली, “बापू, तुला खुर्ची टाकून बसवीन म्या. पण मग पोरीच्या पाठीशी कोण उभं हाय म्हणून सांगू?”

दुसऱ्याच दिवशी मी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीपेक्षा लहान, शेतकऱ्याच्या घरातली, आणि बोलणं शेताच्या बांधावरून हाक मारावी इतकं स्पष्ट. त्यांनी मला समजावलं, की घोटा मुरगळला की तो तोल सांभाळायचं विसरतो. नुसता पडून राहिलात तर सूज जाईल, पण पाय पुन्हा मुरगळेल. मग त्यांनी एक कागद लिहून दिला. पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. तळव्याखालचा टॉवेल बोटांनी ओढायचा. रबरी पट्टा अडकवून पाऊल चारी बाजूंना ताणायचं. सूज उतरली की भिंत धरून टाचा उचलायच्या. आणि शेवटी एका पायावर उभं राहून तीस आकडे मोजायचे. ते जमलं की डोळे मिटून. पंधरा दिवसांनी दाखवायला या, म्हणाल्या.

जन्मभर हातानं खर्डेघाशी केली, आता पायानं सुरू झाली. पण तक्रार नव्हती. आठवड्यात सूज उतरली आणि मी शेवटच्या कलमावर आलो.

घरात तोल गेला की कपाटावर पडायची भीती, म्हणून मी गच्चीवर जायचो. सकाळी आंघोळ झाली की पंचा लावून कठड्यापाशी पूर्वेकडे तोंड करून उभा. आमच्या हिनं घोट्याला हळदीचा लेप लावलेला. हिंगोलीत हळदीला काय तोटा? मग तो पिवळाधमक पाय अलगद उचलायचा, डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत मोजायचं. बाईंनी अवघड म्हणून सांगितलेला हा प्रकार मला तिसऱ्याच दिवशी सुरेख जमला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आता जरा शेजारच्या गच्चीवरून बघा. तिथं कांताबाई वाळवण घालत होत्या.

“भाऊजी, हे काय करून राहिले?”

इथं सरळ ‘पाय मुरगळलाय’ म्हणालो असतो तर हा किस्साच घडला नसता. पण मग ‘कसा?’ आलं असतं, आणि त्यामागोमाग ती चार इंचांची पायरी आली असती. शिवाय सरळ प्रश्नाला तिरकं उत्तर द्यायची माझी जुनी सवय. मी डोळे न उघडता म्हणालो, “भाचीच्या लग्नासाठी चाललंय. लग्नापर्यंत रोज दोन वेळा. एकही खाडा नाही.”

“काहून पण?”

“काहून म्हणजे? नाही केलं तर लग्नात अडचण येईल.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता, हे कृपया लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी एक नारळ आढळला. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक बाई हिला विचारून गेली, की तिच्या थोरल्याचंही कुठं जमून नाही राहिलं, तर त्याच उभं राहण्यात त्याचंही नाव घेता येईल का. मी पोट धरून हसलो. ही हसली नाही. म्हणाली, हे हट्ट्यापर्यंत जाईल. मी म्हणालो, जाऊ दे.

गेलं. अक्काचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मी ओळखलाच नाही.

“बापू, माझ्या पोरीत काय दोष हाय म्हणून तू तप करून राहिला? वारंग्याचे पाव्हणे विचारून राहिले. पत्रिका लपवली का म्हणून.”

वारंग्याला सोयरीक जुळून सुपारी फुटली होती, मांडवाचं सांगून झालं होतं, आणि पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं होतं. मी फोन हातात धरून दोन्ही पायांवर उभा होतो, तरी तोल गेल्यासारखं झालं. नवऱ्याकडच्यांना फोन करतो म्हणालो, तर अक्का म्हणाली, ते निघालेत, तुझ्याकडेच येऊन राहिले.

दुपारपर्यंत पोचतील असं मी धरून चाललो. ते पहाटेच वारंगा फाट्यावरून पहिली गाडी धरून आले होते. मी गच्चीवर होतो. मन स्थिर करायला म्हणून जरा जास्तच मोजत होतो. डोळे उघडले तर समोर अक्काचे व्याही आणि त्यांचे थोरले चुलते. दोघांनीही चपला जिन्यात काढून ठेवल्या होत्या. चुलत्यांनी तर हात जोडलेले.

खाली बसवून पाणी दिलं. व्याही शांत माणूस. म्हणाले, “पाव्हणं, पोरगी आमाला पसंत हाय. दोष असंल तर असू द्या, त्याची शांत करू. पण लपवू नका.”

मी कागदावर विसंबणारा माणूस. एक्स-रे आणून त्यांच्या हातात दिला. चुलत्यांनी तो खिडकीकडे धरून निरखून पाहिला आणि म्हणाले, “हाड तर बराबर हाय की. मग कशापायी लंगडून राहिले?” मी व्यायामाचा कागद काढला. बाईंचं अक्षर मी मी म्हणणाऱ्या लेखनिकालाही लागलं नसतं. उंबऱ्यात कांताबाई पदर सावरून उभ्या होत्या. त्या पाहुण्यांच्या बाजूच्या साक्षीदार, हे उघड होतं.

तेव्हा मी पायरी कबूल केली. चार इंच, हेही सांगितलं. मित्राला काय सल्ला दिला होता, हे हिनं सांगितलं. तरी व्याह्यांच्या कपाळावरची आठी हटेना. शेवटी हिनंच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी फक्त म्हणालो, बाई, मी एका पायावर का उभा राहतो ते इथल्या मंडळींना जरा सांगा.

“घोटा मुरगळलाय म्हणून, काका. दुसरं काय? जमतंय ना?”

“उत्तम. डोळे मिटून तीस, तिसऱ्या दिवसापासून.”

मग बाईंनी विचारलं, “काका, कोणत्या पायावर उभे राहता?”

“उजव्या.”

“अन् मुरगळला कोणता?”

मी खाली पिवळ्या पायाकडे पाहिलं. “डावा.” मग बाई जे बोलल्या ते सगळं सांगत नाही. ज्या पायाला तोल शिकवायचा त्याला वर उचलून धरलात आणि चांगल्या पायाची परीक्षा घेत बसलात, असा मथितार्थ होता. इतके दिवस फुकट गेले म्हणाल्या. लग्नात खरंच उभं राहायचं असेल तर आत्ता या, रिक्षा करून या.

फोन ठेवला आणि व्याही खो खो हसत सुटले. “पाव्हणं, एवढं मनापासून झापणारी बाई तुमच्या ढोंगात सामील न्हाई. अन् एवढं चुकीचं तप कोणी करत न्हाई.” त्यांनी तिथूनच अक्काला फोन लावला आणि तारीख पक्की आहे म्हणून सांगितलं. पलीकडे अक्का रडली. मी म्हणालो ना, ती रडणाऱ्यातली नाही, तेवढं एकदाच.

मग बाईंनी मला दुखऱ्या पायावर उभं केलं. पहिल्या दिवशी चार आकडे झाले. घरी गच्चीवर एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातानं हिचा खांदा. रोज एखाद-दुसरा आकडा वाढत गेला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तीस झाले, आणि बाईंनी जास्तीचा एक पैसा न घेता मला चार वेळा बोलावून पुन्हा पुन्हा तपासलं. कांताबाईंनीही रोज गच्चीवर थांबून माझे आकडे मोठ्यानं मोजले. त्या बाईला मी काय काय बोललो होतो मनातल्या मनात.

लग्न झालं. मी भाचीला मांडवात आणलं. नातेवाइकांनी स्वतः रचलेल्या सतरा मंगलाष्टका म्हटल्या, आणि डावा घोटा एकदाही कुरकुरला नाही. समोरून अक्का माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी जन्मभर विसरणार नाही. ते बाईंमुळं लाभलं, म्हणून फोटो आल्यावर आधी त्यांना दाखवायला घेऊन गेलो.

बाईंनी फोटो जवळ धरून बराच वेळ पाहिला. अंतरपाट खाली आलेला, भाचीनं माळ उचललेली, अक्षता हवेत, आणि मागे मी. उजवं पाऊल वीतभर उचललेलं.

“या वेळी पाय बराबर उचलला, काका,” बाई म्हणाल्या. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. “पण भाचीनं माळ घातली तेव्हा डोळे काहून मिटलेत?”

मी खरं सांगितलं. तेव्हा माझे सव्वीस झाले होते.