उजवीकडची पाकळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला सांगायची वेळच आली नाही, कारण ती माझ्या मागे दोन हातांवर उभी होती आणि तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सहा महिन्यांमागे ती गेली. म्हणजे आता हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. तुला वाटेल, बरं झालं, सुटला म्हातारा. नाही रे. ती होती तोवर निम्मं ओझं तिच्याकडे होतं. आता सगळं माझ्यावर आलंय, आणि मला भीती वाटते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे कुर्ल्याच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, तीस वर्षं. लिहिण्याचा सराव नाही, तेव्हा जसं येईल तसं लिहितो. सरळ मुद्द्यावर येईन असं ठरवून बसलो होतो — पण बघ, आलो का? हात तिकडे जातच नाही.

तर आधी दत्ता. दत्ताराम. माझ्याच गावचा, माझ्याच वाडीतला. गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर, आणि घाटकोपरच्या टेकडीवर माझ्या खोलीच्या वर चार पायऱ्यांवर त्याची खोली. त्याला शिंक आली तर माझी बायको इथून म्हणायची, दत्ताभावजींना सर्दी झाली वाटतं. एवढं जवळ.

आधी त्याची लघवी अडली. कंबर दुखते दुखते म्हणून वर्षभर मलम चोळत होता. मोठ्या हॉस्पिटलात नेला तेव्हा कळलं की लघवीच्या पिशवीखाली जी प्रोस्टेटची गाठ असते तिचा कॅन्सर झालाय आणि तो हाडात उतरलाय. मी त्याला धरून धरून नेत होतो, आणि माझंही तेच चालू होतं — रात्रीतून सहा वेळा उठणं, थेंब थेंब. मी कोणाला बोललो नव्हतो. दत्तानेच ओळखलं. म्हणाला, "तू पण दाखव रे. लाजतस कित्याक?" दाखवलं. मलाही तेच. हाडातसुद्धा.

दोघांना एकदम एकच रोग! चाळीत लोक म्हणाले, गिरणीने दिला. कोणी काय, कोणी काय. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे बघून हसलो होतो, हे मला आठवतं. दत्ता म्हणाला, "बरा झाला. वांगडाक कोण तरी आसा." वांगडाक म्हणजे सोबतीला.

डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगायचा. मुळापासून बरं होणार नाही म्हणाला, मात्र रोखता येईल. रस्ते दोन. एक, ऑपरेशन — खालच्या दोन्ही गोट्या काढून टाकायच्या. त्यांच्यातून जे अंगात भिनतं त्यावर हा रोग पोसतो, ते बंद केलं की रोग उपाशी पडतो. दुसरा, गोळ्या — रोजच्या रोज, जन्मभर. बायकांच्या अंगात जे असतं तेच त्या गोळ्यांत. त्याने छाती वाढते, पाय सुजतात, आणि हृदयावर भार येतो. मला म्हणाला, तुम्हाला दोन्ही रस्ते मोकळे आहेत. दत्ताला तसं म्हणाला नाही. दत्ता दोन वर्षांमागे छातीत कळ येऊन साच्यावरच आडवा झाला होता. डॉक्टर त्याला म्हणाला, "तुम्हाला गोळ्या द्यायला मला भीती वाटते, काका. ऑपरेशन करून घ्या."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. नीट ऐकलं. हे ध्यानात ठेव.

हॉस्पिटलात आमच्या रोगाची माणसं मंगळवारी यायची. बाकावर सगळे म्हातारे ओळीत, हातात लघवीच्या बाटल्या. तिथे एक धर्माजी होता, माहुलचा कोळी. त्याने ऑपरेशन करून घेतलं होतं आणि ते तो लपवत नव्हता. उलट नवीन माणूस दिसला की त्याला बोलावून शेजारी बसवायचा. आम्ही बाकावर चुळबुळतोय बघून म्हणाला, "काय रं, कापणार म्हणून घाबरलाव? मना बघ ना. अजून होडी लोटतंय. दर्याला काय म्हाईत मी काय ठेवून आलोय!" सगळा बाक हसला. मग हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. किती दुखलं, किती दिवस, घाम कसा येतो बायकांसारखा अचानक, घरात बायकोला कसं सांगितलं. असं कोण सांगतं रे दुसऱ्याला? डॉक्टरने सांगितलेलं कानात राहतं, धर्माजीचं पोटात गेलं. दत्ताच्या पोटात तर गेलंच. परतताना तो म्हणाला, "माझा मन म्हणता, कापून टाकूया."

आणि मी? मला ऐकूनच मांड्यांत थंडी भरली होती.

मला काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. सुरीची भीती होती, पण ती थोडी. मोठी भीती ही की आपण मग कोण? चाळीत कळलं तर? नळावर बायका काय बोलतील? साठी उलटलेला माणूस, आता कशाला हव्यात तुला त्या, असं तू म्हणशील. मीही स्वतःला म्हणत होतो. भीती ऐकते का? आंघोळीला बसलो की हात तिकडे जायचा आणि पाणी अंगावर घ्यायचं विसरायचो. आणि त्याच्यावर आणखी एक — दत्ताने करून घेतलं तर मला मागे राहता येणार नव्हतं. तो बरा होऊन वर-खाली करेल आणि मी भित्रा म्हणून गोळ्या गिळत बसेन, हे मला सहन होणार नव्हतं.

दत्ताचं मनही दोलायमान. एक दिवस काप, दुसऱ्या दिवशी नको. शेवटी म्हणाला, "देवाक इचारूया." तुला आमच्याकडची रीत ठाऊक नसेल तर सांगतो. गावच्या रवळनाथाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. पोरीचं लग्न, जमिनीचं भांडण, विहीर कुठे खणायची — आमच्याकडे कौलाशिवाय काही हलत नाही. पडलेली पाकळी कागदात बांधून घरी आणायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची.

दत्ताला एसटीत बसवत नव्हतं, कंबर साथ देत नव्हती. माझ्या मेहुण्याकडे कार्य होतं, आम्ही दोघं नवरा-बायको जाणारच होतो. दत्ताने माझ्या हातात नारळ दिला. "माझ्या नावान इचार. देव सांगात ता दोघांनी करूचा. वांगडच." मी हो म्हणालो. त्याच्या बायकोने, वहिनीने, मला पायरीवर गाठलं. म्हणाली, "भावजी, डॉक्टर सांगतत ताच देवाच्या तोंडात येवंदे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिलाही हो म्हणालो.

देवळात सकाळी गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं — बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू दत्ताराम मुंबैक आजारी आसा, कापूक सांगतस तर उजवो दी. मी हात जोडून उभा. बायको मागे. गाभाऱ्यात ओल्या दगडाचा वास. मी प्रार्थना कोणासाठी करत होतो, सांगू? डावी पडू दे, डावी पडू दे, डावी पडू दे. दत्तासाठी नाही. माझ्यासाठी.

फार वेळ गेला नाही. उजवीकडची पडली. नुसती ओघळली नाही, सुटून खाली आली. गुरव म्हणाला, "घेवा. देवान कसो चोख कौल दिल्यान." मी पाकळी कागदात घेतली. लाल, जास्वंदीची. बायकोने मागून सुस्कारा टाकला — दत्ताभावजींची काळजी मिटली, असा सुस्कारा.

परतताना एसटीत ती सारखी बोलत होती, वहिनीला धीर येईल म्हणून. मी खिशातल्या कागदावर हात ठेवून बसलो होतो. काय करायचं ते मी तोवर ठरवलं होतं का? खरं सांगतो — नव्हतं ठरवलं. पण ठरवलं नव्हतं म्हणून पाप कमी होतं काय?

दत्ताच्या खोलीत गेलो. दत्ता खाटेवर, वहिनी दाराशी, माझी बायको माझ्या बाजूला. मी कागद उघडला, पाकळी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "डावी पडली रे. कापायचं नाही म्हणतो देव."

झालं. एवढंच. एवढंच वाक्य, आणि मी इतकी पानं त्याच्याभोवती फिरत होतो.

पाकळीवर काय लिहिलेलं असतं उजवी की डावी? दत्ताने ती कपाळाला लावली. वहिनीने देवाला हात जोडले, देवाला काय बोलणार ती? मी बायकोकडे बघितलं नाही. मला वाटलं आता ती बोलेल. एका शब्दाचं काम होतं. ती माझ्याकडे बघत राहिली एवढं मला न बघताही कळलं, आणि मग उठून खाली निघून गेली. नवऱ्याला चारचौघांत खोटा पाडायचं तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या त्या गप्प बसण्याचा दोषही माझाच आहे, तिच्यावर ढकलू नकोस.

डॉक्टर दत्तावर चिडला. वहीवर काहीतरी लिहिलं, दोनदा समजावलं, शेवटी गोळ्या दिल्या. दोघांनी त्या घ्यायला सुरुवात केली, वांगडच. छात्या वाढल्या, दुखायला लागल्या. दत्ता म्हणायचा, "आता दोघांका ब्लाऊज शिवूक व्हयो, एकाच कापडाचे." मी हसायचो. तो हसवायचा आणि मी हसायचो, कसा हसायचो मला ठाऊक नाही. मंगळवारी धर्माजी विचारायचा, काय ठरलं, आणि दत्ता सांगायचा, देवाने नाही म्हटलं. धर्माजी मान हलवायचा. देवापुढे तोही काय बोलणार?

पाचव्या महिन्यात दत्ताचे पाय खांबासारखे सुजले. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. रोज चार पायऱ्या चढून जात होतो, आज सांगतो म्हणून. वर गेलो की त्याच्या पायाला तेल लावून परत यायचो. एका सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन बसला होता. कप खाली पडल्याचा आवाज मी माझ्या खोलीत ऐकला.

ऑपरेशन करूनही तो गेला असता, असं कोणी म्हणेल. डॉक्टरही तसं काहीसं म्हणाला. म्हणू दे. मी तसं कधी म्हणणार नाही.

आता पुढचं ऐक, कारण हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. दत्ता गेल्यावर माझी पाचावर धारण बसली. गोळी तोंडात घातली की त्याचे पाय दिसायचे. दोन महिन्यांत मी डॉक्टरकडे गेलो आणि म्हणालो, कापा. तासाभराचं काम. चार-पाच दिवसांत पाठीचं दुखणं असं उतरलं की मी वॉर्डात रडलो. लोकांना वाटलं, दुखतंय म्हणून. धर्माजी बघायला आला होता, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. म्हणाला, "बघ, होतं का काय? उगाच घाबरलास. तुझा दोस्त खय हाय? त्याला पण आण आता." त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चाळीत कोणी काही बोललं नाही. नळावर कोणी हसलं नाही. ज्याला मी एवढा भ्यालो होतो ते कुठे नव्हतंच.

बायकोने माझं सगळं केलं. जखम धुतली, अंथरूण काढलं. मात्र त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. पाणी ठेवलंय. भात झाला. शेवटी काविळीने अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "वहिनीक सांगा. मी गेल्यार तरी सांगा." मी तिचा हात धरून हो म्हणालो. दत्ताला हो म्हणालो होतो तसंच.

सहा महिने झाले. वहिनी रोज संध्याकाळी मला भाकरी देते, एकटा आहे म्हणून. तिच्या खोलीत देव्हारा आहे, त्यात हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी एका डबीत ती पाकळी आहे. सुकून काळी पडली आहे, चुरा व्हायला आली आहे. वहिनी तिला रोज कुंकू लावते. परवा मला म्हणाली, "भावजी, देवान सांगलेला आमी आयकला, ह्येचाच समाधान." मी भाकरी घेतली, आणि तिच्या देव्हाऱ्याला हात जोडून खाली आलो.

ती पाकळी उजवीकडची आहे.