कामठीचा विलायती पाईप

माझ्या मेजावर, दौतीच्या शेजारी, एक मोडका पाईप पडलेला असतो. सकाळची उन्हं त्याच्यावर आली की जुन्या तंबाखूचा गोडसर वास येतो, आणि त्याच्या मागोमाग, जरा रेंगाळत, म्हशीचं शिंग जळाल्याचा. मोडला मीच. पाईप गरम असताना त्याची दांडी उपटू नये, एवढी साधी गोष्ट अकरा वर्षं पाईप ओढूनही मला ठाऊक नव्हती. उपटली, ती कटकन् मोडली. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! जोडावी म्हणून तिची टोकं शेगडीवर धरली, आणि घरभर असा वास सुटला की बायको आतून ओरडली, "अहो, बैलाले डाग देऊन राहिले का घरात?"

वास शिंगाचा होता यात शंका नव्हती. पण विलायती पाईपची दांडी काळ्या कडक रबराची असते, असं मला तो विकताना दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. पाईप मी घेतला तो साहेब देश सोडून गेले त्याच पावसाळ्यात. झेंडा लागला, जिलेब्या वाटल्या गेल्या, आणि आठवड्याच्या आत मी, कचेरीतला एक खर्डेघाशा, सदर बाजारातून विलायती छापाचा पाईप घेऊन घरी आलो. साहेबाची रिकामी जागा कोणीतरी भरायला हवी होती ना! तेव्हापासून आल्यागेल्यापुढे तो पालथा करून मी छापातलं विलायती नाव वाचून दाखवत आलो. आता मोडल्यावर खोबणीत डोकावलो, तर तळाशी नखाएवढं बेलाचं पान कोरलेलं. तीन पानं आणि एक देठ. विलायतेत बेल कुठला?

तोच पाईप घेऊन मी सदर बाजारात गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण समोरचा माणूस लाजलाच नाही तर भांडण उभं कसं राहणार? दुकानदारानं फळीवरचा पितळी ठसा काढून मला कौतुकानं दाखवला. "आम्हीच मारतो जी. माल कामठीचा आहे. गिऱ्हाईक छाप घेऊन जाते, लाकूड कोन पाहते?" वर मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो, याचाही राग मला आजपर्यंत आहे.

कामठीला छावणीच्या मागल्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली हा माल करणारा म्हातारा कातारी सापडला. खरादावर लाकूड गरगरत होतं आणि त्याच्या मांडीवर भुशाची पिवळी पाखर साचली होती. पाईपचे तुकडे त्यानं हातात घेतले, हुंगले, आणि शाळा सोडून गेलेलं पोर भेटावं तसा हसला. "बोरीच्या मुळाची गाठ आहे थे. दोन उन्हाळे भुशात पुरली होती." मग कसं केलं ते सांगत बसला. नव्या पाईपच्या वाटीला आधी तंबाखूचा धूर पाजावा लागतो, नाहीतर लाकूड तडकतं. पण देशी माणसाचं तोंड लागलेली वस्तू साहेबाला चालत नसे. म्हणून म्हातारा सोनाराकडचा जुना भाता घेऊन त्याच्याकडून पाईप ओढवून घ्यायचा. शेकडो पाईप केले, एकही स्वतःच्या ओठाला लावला नाही. "भात्यालेच व्यसन लागलं होतं बाबूजी!" म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मला हसू आलं नाही. माझी कानशिलं तापली होती.

"आणि ही खूण आत काहून?" मी विचारलं.

"बाहेर केली असती त घासून टाकली असती. आत कोन पाहते? जो मोडन थोच पाहन." माझ्याकडे तिरपं बघून म्हणाला, "तुमाले लय वर्सं लागले."

घरी येऊन मी एका दिवाळी अंकासाठी जळजळीत लेख लिहिला. पहिल्याच ओळीत त्याचं नाव, गावासकट. नंतर साहेबाचा उद्धार, मग दुकानदाराचा. आपली लेखणी म्हणजे तलवार, असं वाटण्याचे दिवस माणसाच्या चाळिशीतही येतात. पुढच्या रविवारी बसनं कामठीला जाऊन तो लेख त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं खराद थांबवला. सगळं ऐकलं. मग म्हणाला, "लय चांगलं लिहिलं. फक्त नाव काढा."

"काहून बाबाजी? नावासाठीच तर लिहिलं!"

"पाईप त गेले साहेबासंगं. पन थो दुकानवाला अजून माह्या हातच्या काठ्या घेते. नाव छापलं त उद्या थे बी बंद. मंग नातवाईले काय तुमचा लेख वाढू?"

मी चिडलो. भेकडपणा, अन्याय, असे मोठमोठे शब्द त्या छपराखाली काढले. त्यानं ते सगळे अंगावरच्या भुशासारखे झटकले आणि शांतपणे विचारलं, "बाबूजी, छाप नसती, अन् मी बजारात फडक्यावर मांडून बसलो असतो, त घेतला असता का तुमी?"

"घेतला असता," मी म्हणालो.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खराद पुन्हा सुरू केला.

परतीच्या बसमध्ये मी साहेबावर संतापायचा प्रयत्न केला, दुकानदारावर केला. पण राग फिरून फिरून माझ्याच मांडीवर येऊन बसत होता. साहेब गेला, त्याला आता काय बोलणार? ठसा मात्र राहिला, आणि तो चालतो कोणाच्या जोरावर? भर बाजारात हातची वस्तू घेऊन बसलेल्या माणसासमोरून न थांबता पुढे जाणाऱ्या माझ्यासारख्यांच्या. घरी पोचताच मी शाईनं ते नाव खोडलं, कागदाला भोक पडेपर्यंत. म्हणून या लेखातही ते नाही.

बायको पोळ्या लाटत होती. पाटावर बसून मी तिला सगळं सांगितलं, दुकानदाराला दिल्या नव्हत्या त्या शिव्यांसकट. तिनं ऐकून घेतलं, लाटण्याच्या मुठीवरचं पीठ पदरानं पुसलं, आणि मूठ माझ्या नाकासमोर धरली. नखाएवढं बेलाचं पान. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. त्याच लाटण्याच्या पोळ्या मी रोज दोन वेळा खात होतो.

"बुधवारीच्या बाजारात बसते थो म्हातारा," ती म्हणाली, आणि तिनं त्याचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आदरानं. "पहिलं लाटणं घेतलं तवाच मी इचारलं होतं." मग पोळी तव्यावर टाकून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अन् तुमी इतके वर्सं कोनाचं नाव वाचून राहिले होते?"