द्रौपदीची जीभ

मुलुंडच्या त्या सेंद्रिय कॅफेत आईस्क्रीमची कृती कुठंच लिहून ठेवलेली नव्हती. शेतावरून दूध यायचं, फळं यायची. आज दूध दाट तर उद्या पातळ, आजचा चिकू गोड तर उद्याचा मचूळ. इसेन्स घालायचा नाही, रंग घालायचा नाही. मग साखर किती आणि गर किती, हे ठरवायचं कोणी? द्रौपदीनं. चमचाभर जिभेवर ठेवून ती डोळे मिटायची आणि सांगायची. मालकीण पद्मजाताई गिऱ्हाइकांना कौतुकानं म्हणत, "आमच्याकडे वजनकाटा नाही, मावशींची जीभ आहे." वाशिमकडून लग्न होऊन आलेल्या, वीस वर्षं लोकांची भांडी घासलेल्या बाईला पन्नाशीत हा मान मिळाला होता. त्या मानावरच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

गणपतीच्या सुमारास ती तापानं फणफणली. ताप उतरला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. काय, ते कांजूरमार्गच्या घरी कळलं. संध्याकाळी कचऱ्याच्या डम्पिंगकडचा वारा सुटला, चाळभर खिडक्या धडाधड लागल्या, आणि ही आपली खिडकीत तांदूळ निवडत बसलेली. सून नाकाला ओढणी लावून म्हणाली, "आई, वास येत नाही का तुम्हाला?" द्रौपदीनं खिडकी लावली. मग डब्यातली मिठाची चिमूट तोंडात टाकली. वाळूचे खडे चघळल्यासारखं वाटलं.

पद्मजाताईंना सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण चव गेलेल्या द्रौपदीला कोण विचारणार, या भीतीनं तिचे ओठ शिवले गेले. तिनं मधला मार्ग काढला. काउंटरवरच्या किरणला ती वाटी द्यायची. "बघ गं, कसं झालंय." वाटी रिकामी परत यायची आणि किरण म्हणायची, "झकास, मावशी." द्रौपदीचा जीव भांड्यात पडायचा. असे दोन महिने गेले.

सीताफळ फार नखरेल. दूध पुरतं निवल्याशिवाय गर घातला की त्याला कडवटपणा येतो. त्या रविवारी वाढदिवसाची मोठी ऑर्डर होती. द्रौपदीचे हात सकाळपासून बर्फात राहून बधिर झाले होते, पातेल्याला हात लावून तिला दूध निवल्यासारखं लागलं, तिनं गर ओतला. एरवी जिभेनं तिथंच अडवलं असतं.

दुपारी पोरांनी पहिला घास घेतला आणि टिश्यूत थुंकला. पद्मजाताईंनी स्वतः चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि स्वयंपाकघरात आल्या. द्रौपदी किरणकडे वळली. "तू झकास म्हणालीस ना?"

किरण रडवेली झाली. "मी चाखलंच नाही, मावशी. थंड खाल्लं की घसा बसतो माझा. वाटी बेसिनमध्ये ओतायचे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुमच्या हातचं कधी बिघडतं काय? मला वाटलं, तुम्ही मायेनं देता."

द्रौपदीच्या आता ध्यानात आलं. दोन महिने त्या आईस्क्रीमची चव स्वयंपाकघरात कोणीच पाहिली नव्हती. चिकू, पेरू, आवळा, सगळं तसंच बाहेर गेलं होतं. अर्धवट टाकलेले कप तिनंच धुतले होते, हल्ली लोक डाएट करतात अशी स्वतःची समजूत घालत. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पद्मजाताईंना यातलं काहीच उमगेना. रागावल्या तर नव्हत्याच. त्यांनी पातेल्यातलं चमचाभर काढून तिच्यापुढं धरलं. "असू दे, मावशी. होतं एखाद्या वेळी. चाखा आणि सांगा, काय घातलं म्हणजे निभावेल? पोरं थांबलीत."

द्रौपदीनं सवयीनं चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"थंड आहे, ताई," ती म्हणाली. "मला एवढंच कळतंय."